जाहिरात कोणती आणि माहिती कोणती?

आपली स्तुती आपणच करू नये, हे आपल्याकडे घराघरांत लहानपणापासून शिकवले जाते. समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगताना स्वतःची स्तुती करणाऱ्यालाही त्या यादीत बसवले आहे. भोरहून महाडकडे जाताना नीरा देवघर धरणाच्या जलाशयाकडेने हिर्डोशी लागते. तिथून पुढे वरंध घाट उतरला की शिवथरघळ जवळ येते. दासबोध तिथे लिहिला गेला, असे परंपरा मानते. त्यामुळे ही शिकवण आम्हा हिरडस मावळातल्या लोकांना शेजारून आलेली आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पण याच दासबोधात शेवटाकडे समर्थ दुसरीही गोष्ट सांगतात. आपल्याजवळ जे ज्ञान आहे ते थोडे थोडे लोकांना द्यावे आणि त्यांना शहाणे करावे, असा तो उपदेश आहे. आता आपल्याजवळ काही आहे हे सांगितल्याशिवाय ते लोकांना देणार कसे? म्हणजे तोंड उघडणेच वाईट, असे समर्थांचे म्हणणे नाही. बोलणे कुणाच्या उपयोगाचे आहे, हा खरा प्रश्न आहे. हा प्रश्न आज पुन्हा नव्याने उभा राहिला आहे, आणि तो आपल्या सर्वांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे.

आज बहुतेक गावांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो. आमच्या खोऱ्यातली निम्मी माणसे पुण्या-मुंबईला. कुणी नोकरीसाठी गेले, कुणाची जमीन धरणात गेली. या सगळ्यांना एकत्र बांधणारी जागा म्हणजे हा ग्रुप. कुणाचे निधन, कुणाचे लग्न, यात्रेची वर्गणी, घाट बंद आहे की चालू, हे सगळे तिथेच कळते. अशा प्रत्येक ग्रुपचा पहिला नियम ठरलेला असतो : इथे कुणीही स्वतःची जाहिरात करू नये.

मी ज्या ग्रुपमध्ये आहे, तिथे एकदा दिवाळीनंतर एका शेतकऱ्याने चार ओळी लिहिल्या. घरचा नवा इंद्रायणी तांदूळ भरडून आला आहे, अमुक भाव आहे, कुणाला हवा असल्यास रविवारी पुण्यात आणून देईन. पाच मिनिटांत तो संदेश काढला गेला आणि खाली नियमाची आठवण आली. दुसऱ्या दिवशी एका जमीन-खरेदीविक्रीवाल्याचे भले मोठे रंगीत शुभेच्छापत्र आले. वर देवाचे चित्र, खाली त्याचा फोटो आणि त्याखाली 'सात-बाऱ्यासह प्लॉट उपलब्ध' असे छापलेले. त्याला कुणी हात लावला नाही. कारण ती जाहिरात नव्हती, शुभेच्छा होत्या!

या दोन संदेशांमुळे ग्रुपवर बरीच वादावादी झाली. काही जणांनी मला मत विचारले, तेव्हा मला या विषयाचा थोडा नीट विचार करावा लागला. तोच इथे मांडतो.

आधी नियमाची बाजू घेऊ, कारण नियम उगाच झालेला नाही. समजा, ग्रुपमध्ये अडीचशे माणसे आहेत. प्रत्येकाने महिन्यातून एकदाच आपला माल, आपले दुकान, आपला मुलगा यांची जाहिरात केली, तरी रोज आठ-नऊ संदेश होतात. यात वाईट हेतू कुणाचाच नाही. पण महिन्याभरात लोक ग्रुप उघडायचे सोडतात, आणि मग निधनाची बातमीही कुणापर्यंत पोचत नाही. गावच्या गायरानात एकाची गाय चरली तर गवत संपत नाही. सगळ्यांनी आपापला कळप सोडला की उरते ती माती. लोकांचे लक्ष हे आजचे गायरान आहे. पूर्वी व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये २५६ माणसे मावत. २०२२ मध्ये ही मर्यादा आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. माणसे वाढली तसा हा धोकाही वाढला.

तेव्हा नियम हवा. पण आपल्या पूर्वजांना नियम करता येत होते, तसे ते वाकवताही येत होते. भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरांत अजूनही देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व जगापुढे आणले. देवराईतली काटकीही तोडू नये, हा नियम. तरीही देवळाचे छप्पर मोडले, तर देवाचा कौल घेऊन आणि गावाला सांगून एखादे झाड घेतल्याची उदाहरणे गावोगावी सांगितली जातात. या रीतीत तीन गोष्टी होत्या : आधी विचारणे, कारण सर्वांसमोर सांगणे आणि गरजेपुरतेच घेणे. रात्री गुपचूप तोडलेले झाड आणि गावाला विचारून तोडलेले झाड, दोन्ही झाडेच. पण पहिल्याने नियम मोडतो आणि दुसऱ्याने तो टिकतो.

दुसरे उदाहरण बाजाराचे. देवळाच्या सभामंडपात कीर्तन चालू असताना कुणी 'वांगी घ्या वांगी' असे ओरडत नाही. पण त्याच देवळाच्या अंगणात यात्रेच्या दिवशी दुकाने लागतात आणि कुणालाही ते खटकत नाही. आठवडे बाजारात तर ओरडणाऱ्याचाच माल आधी खपतो. म्हणजे आपल्या समाजाने ओरडण्यावर बंदी घातली नाही. ओरडण्याला जागा दिली आणि वार दिला.

आकाशवाणीनेही हेच केले. कित्येक वर्षे आकाशवाणीवर जाहिरात नव्हती. जाहिरातदारांनी पुरस्कृत केलेली गाणी ऐकायची तर लोक रेडिओ सिलोन लावत. १९५२ मध्ये सुरू झालेली बिनाका गीतमाला तिथलीच. नावातच टूथपेस्ट होती, तरी लोक घड्याळ लावून ऐकत. अखेर १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर इथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. पण त्या बातम्यांत किंवा भाषणांत मिसळल्या नाहीत. त्यांना वेगळी सेवा आणि वेगळी वेळ मिळाली. दुसरीकडे शेतकऱ्यांसाठी बाजारभाव मात्र नेहमीच सांगितले गेले. कांद्याचा भाव सांगणे ही माहिती. अमुक आडत्याकडेच कांदा न्या, असे सांगणे ही जाहिरात. ही रेघ रेडिओला ओढता आली, तर आपल्यालाही ओढता येईल.

ज्या व्यवसायांत स्वतःची जाहिरात निषिद्धच मानली जाते, तिथेही अशी रेघ आहे. डॉक्टरांनी रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करू नये, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट आहे. पण त्याच नियमांत काही गोष्टी वर्तमानपत्रातून कळवायची मोकळीक दिली आहे : दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेरगावी आहे, परत आलो, फी किती आहे. वकिलांनाही जाहिरातीची बंदी. मात्र २००८ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियम थोडा सैल केला आणि वकिलाला स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण आणि कोणत्या प्रकारची प्रकरणे चालवतो एवढे देण्याची परवानगी मिळाली. दोन्हीकडे तत्त्व एकच दिसते. ज्या गोष्टीवाचून गरजूचे अडते, ती सांगायला हरकत नाही. 'मीच सर्वांत चांगला' हे सांगायला आहे.

त्या कसोटीवर आमच्या शेतकऱ्याचा संदेश पाहा. इंद्रायणी हा वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिलेला वाण, १९८७ साली प्रसारित झालेला. आंबेमोहराचा वास त्यात उतरला आहे, म्हणून शहरात त्याला मागणी आहे. पण त्याच नावाखाली दुकानात काय काय विकले जाते, याची खात्री नसते. गावाकडचा खात्रीचा तांदूळ कुठे मिळेल, असे पुण्यातली आमचीच माणसे वर्षभर विचारत असतात. शेतकऱ्याची अडचण उलटी. भात निघाले की देणी उभी राहतात, आणि दारात आलेला व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. भाव आणि तारीख सांगणाऱ्या त्या चार ओळींत घेणारा आणि देणारा दोघांचाही फायदा होता. शुभेच्छापत्रात एकाचाच होता, आणि तोही झाकलेला.

हा झाकलेपणा मला सर्वांत घातक वाटतो. सरसकट बंदीचा एक विचित्र परिणाम होतो. सरळ माणूस सरळ बोलतो म्हणून सापडतो आणि चतुर माणूस वेषांतर करून निसटतो. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर 'पेड न्यूज'चे प्रकरण गाजले, ते आठवावे. पैसे घेऊन छापलेला प्रचार बातमीच्या रूपात वाचकांपुढे आला, हा आक्षेप होता. प्रेस कौन्सिलला त्यासाठी उपसमिती नेमावी लागली. चौकटीत 'जाहिरात' असे लिहून तोच मजकूर छापला असता, तर वाचक फसला नसता. म्हणून माझी पहिली सूचना अशी : उघड बोलणाऱ्याला थोडी सूट द्या आणि आडून बोलणाऱ्याला अजिबात देऊ नका.

पण सूट कधी द्यायची? मला चार प्रसंग दिसतात. पहिला, कुणी विचारले असेल तेव्हा. 'चांगला सुतार आहे का?' या प्रश्नाला 'मीच आहे' हे उत्तर म्हणजे आत्मस्तुती नव्हे. दुसरा, वस्तू हंगामी असेल आणि आपल्याच शिवारातली असेल तेव्हा. तांदूळ वर्षातून एकदाच निघतो. त्याची बातमी वर्षातून एकदा दिली तर कुणाचे गायरान संपत नाही. तिसरा, संकटात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि बाजार बंद पडले, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर शेतकऱ्यांचे भाजीचे संदेश लोकांनीच मागून घेतले. एरवी हेच संदेश काढले गेले असते. चौथा प्रसंग, जो माणूस गावकीसाठी राबत आला आहे, त्याने एकदा स्वतःसाठी काही मागितले तेव्हा.

या चौथ्याबाबत मात्र सावध राहायला हवे. राबणे नेहमी दिसतेच असे नाही. बचत गटातल्या बायका यात्रेचा स्वयंपाक रांधतात, पण ग्रुपवर त्यांचा आवाज नसतो. नाचणीचे पापड त्यांनी लाटायचे आणि संदेश नवऱ्याने टाकायचा. आपल्या कामाबद्दल आपण बोलू नये, हे पुरुषांपेक्षा बायकांना अधिक कडकपणे शिकवलेले असते. तिथे नियम नुसता वाकवून भागत नाही. 'ताई, तुमच्या पापडांचे लिहा की' असे कुणीतरी पुढे होऊन म्हणावे लागते.

जिथे नियम अजिबात वाकवू नये अशाही जागा आहेत. दुप्पट पैशाच्या योजना, माणसे जोडत जाण्याच्या साखळ्या, ठेवी, निवडणुकीचा प्रचार आणि रोग हमखास बरा करणारी औषधे. शेवटच्या प्रकारासाठी तर १९५४ पासून कायदाच आहे. अनेक रोगांवरच्या चमत्कारी उपायांची जाहिरात त्याने गुन्हा ठरवली आहे. इथे ओळखीच्या माणसाचा विश्वास हेच भांडवल असते. तांदूळ फसला तर एका पोत्याचे पैसे जातात. ठेव बुडाली तर घर जाते, आणि ज्याच्या शब्दावर ती ठेवली त्याच्याशी नातेही तुटते.

'एकाला सूट दिली की उद्या सगळे मागतील' हा आक्षेप आमच्याकडेही आला. तो खोटा नाही. पण सूट तोंड पाहून दिली, तरच ती पसरते. तिला वशिला म्हणतात. कारण सांगून दिलेली आणि सर्वांना सारखी लागू असलेली सूट हा नियमच असतो, फक्त अधिक समंजस. आमच्या ग्रुपने शेवटी तीन ओळी लिहिल्या. भात निघाल्यानंतरचे दोन रविवार घरच्या मालासाठी मोकळे. संदेश एकदाच, नाव, भाव आणि ठिकाण यांसह. आणि ॲडमिनच्या घरचा माल असेल तर परवानगी दुसऱ्या ॲडमिनने द्यायची. ही तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण भाऊबंदकीची सुरुवात तिथूनच होते. शुभेच्छापत्रावर फोन नंबर आला तर ते जाहिरात समजून काढायचे, हेही ठरले.

बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोने पडून राहते, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण बोलक्यांचे कौतुक म्हणून सांगितली जाते. मला ती न बोलणाऱ्यांची तक्रार वाटते. ज्या गटात आपलेच लोक आहेत, तिथे तरी सोने असलेल्याला एकदा बोलू द्यावे, आणि माती विकणाऱ्याला भाव उघड सांगायला लावावा.