हिस्सेदार झालेली भावंडं

ज्यांची लग्नं १९७५च्या आसपास झाली, त्या जोडप्यांच्या संसाराला आता पन्नास वर्षं होत आहेत. तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्यासारख्या कापसाच्या गावात एखाद्या घरात आई-वडिलांच्या लग्नाच्या पन्नाशीचा सोहळा ठरला की पहिली अडचण येते ती अबोला धरलेल्या भावाला किंवा बहिणीला फोन कोणी करायचा, याची. अबोल्याचं खापर आपण स्वभावावर फोडतो. कोणी थोरल्याला हेकट ठरवतं, कोणी वहिनीला दोष देतं. गेल्या सत्तर वर्षांचा मागोवा घेतला तर दिसतं ते असं: भावंडांना हिस्सेदार करणारे प्रसंग एकामागून एक येत गेले, आणि भावंडं म्हणून एकत्र राबायच्या जागा कमी होत गेल्या. आई-वडिलांच्या लग्नाची पन्नाशी ही तशी एक उरलेली जागा आहे, म्हणून तिचं मोल मोठं आहे.

सुरुवात १९५६पासून करावी लागते. हैदराबाद राज्य विसर्जित झालं, आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि त्यातले किनवट व राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्याकडे आले. सोयरिकी सीमा ओलांडून होतच राहिल्या, पण कायदे वेगळे झाले. वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला जन्मापासूनचा वाटा आंध्र प्रदेशात सप्टेंबर १९८५पासून मिळाला, महाराष्ट्रात जून १९९४पासून. एकेकाळी एकाच जिल्ह्यात असलेल्या इचोड्याच्या आणि किनवटच्या लेकींच्या हक्कात जवळपास नऊ वर्षांचं अंतर पडलं, आणि आधीच लग्न झालेल्यांना दोन्हीकडे वगळलं गेलं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट काढून देशभर लेकींना हा हक्क दिला; वडील त्याआधी वारले असले तरी हक्क टिकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं. हा न्याय उशिराच आला. पण बहिणीने वाटा मागितला तर माहेर तुटण्याची भीती, आणि हक्कसोड लिहून दिलं तर आयुष्यभराची सल, हा पेच कायद्याने सुटला नाही. पुढे २०१८मध्ये तेलंगणाने रयतु बंधू योजना आणली. जमिनीच्या पासबुकावर ज्याचं नाव, त्याला एकरी चार हजार रुपये दर हंगामाला मिळू लागले. नोकरीसाठी हैदराबादला गेलेल्या भावाला आपलं नाव कागदावर नसण्याची किंमत आता वर्षातून दोनदा दिसू लागली.

सोहळ्याच्या तयारीत असा हिस्सा कुणाचाच नसतो. आईच्या माहेरचं कोण हयात आहे हे थोरलीला ठाऊक असतं, वडिलांचे जुने सोबती धाकट्याला, आणि गावातला आचारी शेतावर राहिलेल्या भावाला. प्रत्येकाजवळ थोडं थोडं असतं, म्हणून एकमेकांना विचारल्यावाचून यादी पुरी होत नाही. इचोड्याजवळच्या केसलापूरला नागोबाच्या जत्रेत गोंडांच्या मेसराम कुळाने हे शहाणपण कधीच ओळखलं आहे. कुळाची माणसं पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात, लेकी-जावयांची कामं ठरलेली असतात, नव्या सुनांची देवाशी भेट घडवली जाते. नातं टिकवायला तिथे प्रत्येकाला काम दिलं जातं.

यावर पहिला आक्षेप असा की हे सारं प्रदर्शन आहे आणि ज्याच्या हाती पैसा तोच मिरवतो. ही भीती खरी आहे. म्हणून खर्च ऐपतीप्रमाणे वाटावा, हिशेब सर्वांसमोर ठेवावा आणि मान कामाला द्यावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: गोडीगुलाबीच्या वातावरणात बहिणीकडून हक्कसोडावर सही घेतली जाते. तसं झालं तर तो समेट नव्हे, फसवणूक आहे. त्यावर उपाय सोहळा टाळणं हा नाही. सोहळ्याच्या दिवसांत एकाही कागदावर सही करायची नाही, हे भावांनीच आधी जाहीर करावं. आणि जिथे दुराव्याच्या मुळाशी मारहाण किंवा अत्याचार आहे, तिथे आई-वडिलांच्या नावाने कुणालाही बोलावण्याची सक्ती करू नये.

मग जमिनीचं काय? तो प्रश्न सोहळ्याने सुटणार नाही, सुटू नयेही. पण संमतीने वाटणी करायची तर आधी एकमेकांच्या शब्दावर विश्वास हवा, आणि तो तहसील कार्यालयाच्या बाकावर बसून येत नाही. मंडपाचा खर्च चोख वाटून घेतलेली भावंडं जमिनीचा वाटाही प्रामाणिकपणे मांडू शकतील, अशी शक्यता तरी निर्माण होते. आई-वडील हयात असताना ही बोलणी व्हावीत, कारण कोणी काय कबूल केलं होतं याची साक्ष त्यांच्यानंतर कोणीच देऊ शकत नाही. आधी पन्नाशी एकत्र साजरी करावी, आणि त्याच वर्षी बहिणीच्या हक्कासकट वाटणीला बसावं.