इंग्रजी वाचनपरीक्षा आणि खानदेशातील विद्यार्थी : शब्दसंग्रहाचा विचार

जळगाव वा धुळे जिल्ह्यातील पदव्युत्तर विद्यार्थी परदेशी विद्यापीठाकडे अर्ज करतो, तेव्हा त्याच्या विषयज्ञानाबरोबरच त्याच्या इंग्रजीचीही पारख होते. १९८९ पासून घेतली जाणारी आय.ई.एल.टी.एस. ही परीक्षा या कामी सर्वपरिचित आहे. उच्च शिक्षणेच्छूंसाठी असलेल्या तिच्या वाचनपत्रिकेत तीन उतारे, चाळीस प्रश्न आणि साठ मिनिटे असा हिशेब असतो. तिन्ही उताऱ्यांची एकूण लांबी २१५० ते २७५० शब्दांची असते. म्हणजे नऊशे शब्दांच्या उताऱ्यास सरासरी वीस मिनिटे मिळतात. मिनिटास शंभर शब्द वाचणाऱ्याची नऊ मिनिटे केवळ एका वाचनात जातात. दोनशे वाचणाऱ्याची साडेचार. सबब वाचनाचा वेग आणि शब्दांची ओळख या दोन गोष्टी येथे एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

खानदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत या प्रश्नास एक विशेष अंग आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या १८ लाखांहून अधिक होती. ज्याच्या घरी ‘आंडोर’ आणि ‘आंडेर’ म्हटले जाते, त्याला ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ हे शब्द शाळेत व पुस्तकात भेटतात. ‘मना’, ‘तुना’ म्हणणारा ‘माझा’, ‘तुझा’ लिहावयास शिकतो. त्यास इंग्रजी ही व्यवहारतः तिसरी भाषा होय. ही उणीव समजली जाते. परंतु वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. ‘तथापि’, ‘किंबहुना’, ‘तद्वतच’ हे शब्द त्याच्या घरात कोणीही उच्चारले नव्हते, तरी ते त्याने आत्मसात केले. त्यांच्या याद्या त्याने पाठ केल्या नाहीत. निरनिराळ्या वाक्यांत ते वारंवार वाचल्यामुळे ते त्याचे झाले. इंग्रजीसाठी त्याने हाच अनुभव जाणीवपूर्वक पुन्हा योजावयाचा आहे.

किती शब्द यावेत, याविषयी संशोधनाने काही प्रमाणे दिली आहेत. बाटिया लॉफर यांनी १९८९ मध्ये आकलनासाठी उताऱ्यातील ९५ टक्के शब्द परिचित असण्याची मर्यादा मांडली. हू आणि पॉल नेशन यांच्या २००० मधील अभ्यासात विनासायास वाचनासाठी ती ९८ टक्क्यांपर्यंत गेली. वरवर पाहता हे अंतर अल्प वाटते. परंतु नऊशे शब्दांच्या उताऱ्यात पहिल्या प्रमाणाने ४५ जागी अडखळावे लागते, तर दुसऱ्या प्रमाणाने १८ जागी. नेशन यांच्या २००६ मधील गणनेनुसार लिखित इंग्रजीत ९८ टक्क्यांचा पल्ला गाठण्यास आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात. शब्दकुल म्हणजे मूळ शब्द व त्याची साधित रूपे यांचा समूह.

एवढा संग्रह कोणत्याही यादीतून होणार नाही. तथापि यादी निरुपयोगी नाही. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे दोन हजार शब्दांची सामान्य यादी प्रसिद्ध केली. अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये तीत नसलेली, पण विद्याविषयक लेखनात सर्वत्र आढळणारी ५७० शब्दकुले निवडली. या दोहोंनी मिळून अशा लेखनाचा सुमारे ८६ टक्के भाग व्यापला जातो. रोज पाच शब्दकुले घेतली तर कॉक्सहेड यांची यादी ११४ दिवसांत पुरी होते. ८६ पासून ९८ पर्यंतचे अंतर मात्र वाचनानेच कापावे लागते.

शब्दघटनेच्या बाबतीत मराठी विद्यार्थ्याजवळ एक तयार साधन आहे. ‘हृ’ या धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द उपसर्गभेदाने सिद्ध होतात, हे तो जाणतो. इंग्रजीतील ‘इंड्यूस’, ‘डिड्यूस’, ‘रिड्यूस’, ‘प्रोड्यूस’ हे शब्दही ‘नेणे’ या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून आलेले आहेत. परंतु ‘आहार’ आणि ‘संहार’ यांचे अर्थ जसे केवळ उपसर्गावरून वर्तविता येत नाहीत, तसेच येथेही आहे. घटनेवरून तर्क करावा आणि तो संदर्भावर पडताळून घ्यावा, हाच क्रम योग्य होय.

याउलट, मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द पुष्कळदा दिशाभूल करतात. ‘कंट्रोल’ म्हणताच शिधावाटपाचे दुकान आठवते. प्रयोगाच्या वर्णनात मात्र तो तुलनेसाठी ठेवलेला गट असतो. ‘आर्ग्युमेंट’ म्हणजे भांडण नव्हे, युक्तिवाद. आणि निष्कर्ष काही ‘सजेस्ट’ करतात तेव्हा ते सल्ला देत नसून एखाद्या शक्यतेकडे निर्देश करीत असतात. असे परिचित वाटणारे शब्द अपरिचित शब्दांहून अधिक घातक, कारण त्यांच्यापाशी वाचक थांबतच नाही.

वाक्यरचनेचा भेदही ध्यानी घेतला पाहिजे. मराठीत विशेषण नामाच्या आधी आणि क्रियापद बहुधा शेवटी येते : ‘तापीकाठी पिकणाऱ्या केळीला पाणी पुष्कळ लागते.’ इंग्रजीत ‘द बनानाज ग्रोन अलाँग द तापी रिक्वायर मच वॉटर’ असे म्हटले, की विशेषण नामामागून येते आणि घाईत वाचणारा ‘ग्रोन’ हेच मुख्य क्रियापद समजतो. लांब वाक्यात प्रथम कर्ता व मुख्य क्रियापद हेरण्याचा सराव हा यावरील साधा उपाय होय.

प्रश्नांपैकी ‘खरे, खोटे, उल्लेख नाही’ हा प्रकार हुशार विद्यार्थ्यासही चकवितो. समजा, उताऱ्यात एवढेच आहे की १९९० साली जळगाव येथे नवे विद्यापीठ स्थापन झाले; आणि विधान असे की त्यापूर्वी खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. विधान वस्तुतः खरे आहे, तरी उत्तर ‘उल्लेख नाही’ असेच येईल. लेखक काय म्हणतो आणि आपणास काय ठाऊक आहे, यांतील सीमारेषा ओळखणे ही केवळ परीक्षेची युक्ती नव्हे; संशोधकाची ती पहिली शिस्त आहे.

म्हणूनच ही तयारी केवळ परदेशी जाणाऱ्यांपुरती मानणे उचित नाही. बंगालमधील द्विभाषिकतेवरील आपल्या १९२६ च्या अहवालात मायकेल वेस्ट यांनी भारतीय विद्यार्थ्यास इंग्रजी बोलण्याआधी वाचता येण्याची गरज आहे, असा विचार मांडला होता. मराठीतून पदवी घेऊन प्रबंधासाठी इंग्रजी संदर्भग्रंथ उघडणाऱ्यास त्याची यथार्थता आजही पटेल. विभागात आठवड्यास एक संशोधनलेख सर्वांनी मिळून वाचावा. प्रथम कोशाविना, ठरावीक वेळात. नंतर अडलेल्या शब्दांची वाक्यासह शब्दवहीत नोंद करून. आणि पंधरवड्याने तोच लेख पुन्हा. गाइडातील तयार उत्तरांनी परीक्षा कदाचित पार पडेलही. परंतु विद्यापीठात पोहोचल्यावर समोर येणाऱ्या ग्रंथांची गाइडे कोणी छापलेली नसतात.