येऊन पाहा : मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आणि सुरक्षितता

भगवान बुद्धांनी आपल्या धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले. या, स्वतः पाहा आणि पारखून घ्या. केवळ परंपरा, ग्रंथ वा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, असा उपदेश त्यांनी कालामांनाही केला. आपण रोज वापरतो त्या सॉफ्टवेअरला हीच कसोटी लावली तर काय दिसते, ते आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला वा मोबाइलला दिलेल्या आज्ञांची संहिता. ती कंपनीच्या कुलपात राहिली, तर ते बंदिस्त सॉफ्टवेअर. कोणासही वाचता, तपासता व सुधारता आली, तर ते मुक्तस्रोत, म्हणजेच ओपन सोर्स. लिनक्स, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस ही त्याची उदाहरणे. अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे.

संहिता सर्वांसमोर ठेवली, तर चोरांना आयती वाट सापडणार नाही का, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर १८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने लष्करी गुप्तलेखनाविषयी लिहिताना दिले. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बाधा येता कामा नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. रचना लपवल्यामुळेच जे टिकते, ते कुलूप मुळात कच्चे होय.

बंदिस्तपणात लबाडीही लपते. चाचणी सुरू असल्याचे ओळखून प्रदूषण कमी दाखवणारे सॉफ्टवेअर फोक्सवॅगनच्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल मोटारींत होते. संहिता बाहेरच्या कोणाला वाचता येत नव्हती. रस्त्यावर धूर मोजला गेला, तेव्हा कुठे २०१५ साली हे प्रकरण उघड झाले.

तथापि, मुक्तता म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. असंख्य संकेतस्थळांचे रक्षण करणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त साधनात २०१२ साली एक चूक शिरली आणि २०१४ पर्यंत कोणाच्या ध्यानी आली नाही. ‘हार्टब्लीड’ नावाच्या त्या चुकीतून पासवर्डही बाहेर पडू शकत होते. पाहण्याची मुभा सर्वांना होती. पाहणारे मात्र थोडे होते.

पाहणारा भेटला की काय घडते, हे २०२४ च्या मार्चमध्ये दिसले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. त्याने माग काढला, तेव्हा ‘एक्सझेड’ या लहानशा साधनात चोरदरवाजा आढळला. दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन करून एका सहभागी व्यक्तीने तो बसवला होता. साधन उघडून तपासता आले, म्हणूनच जगभरच्या बहुसंख्य यंत्रणांत शिरण्याआधी तो बंद झाला.

आज आपली बचत, मुलांची शिष्यवृत्ती आणि प्रमाणपत्रे मोबाइलवरून हाताळली जातात. म्हणून पालकांनी सॉफ्टवेअर अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे आणि त्याची सुधारित आवृत्ती वेळेवर बसवावी. या क्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातले काही दिवस आपल्या संगणककक्षात येऊन मुलांना संहिता वाचायला शिकवावे, अशी आमची विनंती आहे. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरापासूनच दूर ठेवले गेले, त्यांना वाचण्याच्या अधिकाराचे मोल निराळे सांगावे लागत नाही. तो अधिकार येथे खुला आहे. आता पाहणारे डोळे आपल्यातून घडावेत.