खेकडा, कुर्ली आणि चिंबोरी : पिंपरी-चाकण पट्ट्यातील एक शब्दविचार

पिंपरी, चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात मासळीच्या पाटीपुढे शेजारी उभी असलेली दोन गिऱ्हाइके खेकडा मागतात, तेव्हा ती एकच जिन्नस मागत असतील असे नाही. मावळ-खेडकडच्या मनुष्याच्या मनात पहिल्या पावसात बांधाच्या बिळातून बाहेर पडणारा काळसर, गोड्या पाण्याचा प्राणी असतो. कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने मालवण वा अलिबागहून आलेल्या कुटुंबाच्या मनात समुद्राचा किंवा खाडीचा. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली. तेव्हापासून या परिसरात ज्या वसाहती वाढल्या, त्यांत हे दोन अर्थ एकत्र नांदू लागले.

देशावरच्या बोलीत या सर्वांना ‘खेकडा’ हा एकच शब्द पुरतो. किनाऱ्यावर मात्र समुद्राचा खेकडा मालवणीत ‘कुर्ली’, आगरी-कोळी बोलींत ‘चिंबोरी’. आणि ठाणे-रायगडकडे शेताबांधावरचा काळा खेकडा तो ‘मुठा’. ‘खेकडा’चा संबंध संस्कृत ‘कर्कट’, प्राकृत ‘कक्कड’ यांच्याशी जोडला जातो. तथापि आरंभीचा महाप्राण ‘ख’ आणि पुढील एकार यांचा उलगडा नियमित ध्वनिपरिवर्तनाने होत नाही. ‘कुर्ली’ संस्कृत ‘कुलीर’पासून, र आणि ल यांच्या वर्णविपर्ययाने. अमरकोशात कुलीर व कर्कटक हे एकमेकांचे पर्याय आहेत. कोशातील या पर्यायांचे वंशज मराठीत मात्र घाटाच्या वर आणि घाटाच्या खाली असे विभागले गेले. अर्थभेद आधी भूगोलाने केला, व्याकरणाने नव्हे.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. दख्खनच्या भूचर खेकड्यांची हकीकत साइक्स यांनी १८३६ साली प्रसिद्ध केली. गोड्या पाण्याच्या खेकड्यांतून पॅरागोनिमस नावाचा कृमी फुप्फुसात शिरू शकतो. मणिपूर, नागालँड व अरुणाचल येथे असे रुग्ण आढळले आहेत. म्हणून असा खेकडा अर्धकच्चा खाणे धोक्याचे. तो पूर्ण शिजलाच पाहिजे. मालवणी पाककृतीतील ‘खेकडा’ वाचून ओढ्याचा खेकडा आणणाऱ्याने एवढे तरी ध्यानात ठेवावे.

घेताना खेकडा जिवंत असावा आणि आकाराच्या मानाने हाताला जड लागावा. कात टाकल्यानंतर काही काळ नव्या कवचात मांस कमी व पाणी अधिक असते. अशाला गिऱ्हाईक ‘पोकळ’ म्हणते. अमावास्येचा खेकडा भरलेला, पौर्णिमेचा पोकळ, असा किनाऱ्यावर दृढ समज आहे. पोटाखालची पट्टी अरुंद व टोकदार असेल तर नर, रुंद व गोलसर असेल तर मादी. मोठ्या नांग्यांना स्वयंपाकघरात ‘डेंगे’ म्हणतात. ते किंचित ठेचून रश्शात सोडतात. बारीक पाय वाटून, गाळून त्यांचा रस त्याच रश्शात घालतात. चव खरी त्या रसातच असते.

‘नांगी’ हा शब्द विंचवाच्या दंशेंद्रियालाही लागतो. ‘नांगी टाकणे’ म्हणजे हार मानणे. हा वाक्प्रचार विंचवावरून आला की खेकड्यावरून, हे सांगणे कठीण. पण खेकडा संकटात सापडला असता आपला अवयव सांध्यापाशी खरोखरच टाकून देतो, आणि जिवंत खेकडा उकळत्या पाण्यात सोडला असता पाय गळून पडतात, हे गृहिणींना ठाऊक असते. यासाठी पुष्कळजणी तो आधी बर्फात ठेवून बधिर करतात.

शिंपल्यांच्या नावांत तर याहून अधिक गोंधळ आहे. देशावरील विद्यार्थ्याला ‘तिसऱ्या’ हा शब्द प्रथम क्रमवाचकच वाटतो. मालवण-गोव्याकडे ‘खुबे’ ऐकू येतात, ‘कालव’ निराळे. एक शिंपी काढून दुसरीत मांस ठेवून शिजवलेल्या तिसऱ्यांना ‘एकशिपी’ म्हणतात, हे नाव मात्र कृतीच सांगून टाकते. घेताना तोंड मिटलेल्या घ्याव्यात. उघडी शिंपली टिचकी मारूनही मिटत नसेल तर ती मेलेली समजावी, आणि अख्ख्या शिजवल्या असता जी उघडत नाही ती टाकून द्यावी.