पदवीनंतरची पाच वर्षे

दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा आटोपला, की आमचे काही माजी विद्यार्थी दरवर्षी शाळेत भेटावयास येतात. कोणी भंडाऱ्याहून, कोणी चंद्रपूरहून, कोणी पुण्याहून आलेला असतो. बहुतेक जण सीताबर्डीवर उतरतात आणि मोरभवन बसस्थानकावरून किंवा मेट्रोने पुढची वाट धरतात. शाळेत आल्यावर जुन्या वसतिगृहाच्या आठवणी निघतात, जेवणे होतात, आणि मग बोलणे एका प्रश्नाशी येऊन थांबते : “सर, पदवी झाली, आता पुढे काय?” हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी कधी बावीस वर्षांचा असतो, कधी बत्तीस वर्षांचा. पहिल्याशी बोलताना आम्हांला उत्साह वाटतो. दुसऱ्याशी बोलताना मात्र शब्द जपून वापरावे लागतात. कारण मधली दहा वर्षे कोठे गेली हे त्यालाही ठाऊक असते आणि आम्हांलाही.

या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्या मधल्या वर्षांविषयीच लिहावयाचे ठरविले आहे. आमचे सांगणे थोडक्यात असे, की उपजीविकेची तयारी आणि उपजीविका या एकामागून एक येणाऱ्या दोन अवस्था नव्हेत. हाताला काही काम असताना केलेली तयारी टिकते. रिकाम्या हाताने केलेली तयारी काही काळाने निव्वळ वाट पाहणे होऊन बसते.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या घराघरांत तसबिरीच्या रूपाने आहे. सीताबर्डीचे नाव निघाले, की आपल्याला श्याम हॉटेल आठवते. १३ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या आदल्या दिवशी, बाबासाहेबांनी तेथे पत्रकारांना आपली भूमिका सांगितली. परंतु त्या दिवसापर्यंत पोचलेल्या या पुरुषाची १९१७ ते १९२३ ही वर्षे आपण क्वचितच आठवतो. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन ते पुरे करण्याची मुभा लंडन विद्यापीठाने दिली होती. बडोद्याच्या नोकरीत राहावयास घरसुद्धा मिळेना, म्हणून ते मुंबईस आले. त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर-व्यवहारांचा सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि ती पेढी बंद पडली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली. परळच्या चाळीत काटकसरीने राहून त्यांनी पगारातून पैसे साठविले, त्याच काळात ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, आणि राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांची जोड देऊन १९२० साली पुन्हा लंडन गाठले. तेथेही डी. एस्सी.चा प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपामुळे दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागला. १९२३ साली ती पदवी मिळाली.

या सहा वर्षांत त्यांनी ध्येय क्षणभरही सोडले नाही, आणि ध्येयासाठी घरी बसूनही राहिले नाहीत. शिकवणी, पेढी, प्राध्यापकी, वृत्तपत्र ही सर्व त्या ध्येयाकडे जाणारीच वाट होती. आमच्या विद्यार्थ्यांनी या वर्षांचे चरित्र पुनःपुन्हा वाचावे, असे आम्हांला वाटते.

आता आजची स्थिती पाहू. आपल्या समाजात शिक्षणानंतरची पहिली ओढ स्पर्धा परीक्षेकडे असते, आणि ती रास्त आहे. शासकीय पदाने आपल्या दोन पिढ्यांना स्थैर्य दिले, प्रतिष्ठा दिली. तथापि आकडे डोळ्यांसमोर ठेवले पाहिजेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेस दहा लाखांहून अधिक उमेदवारांनी अर्ज केले. अंतिम शिफारस १,०१६ जणांची झाली. अनुसूचित जातीच्या उमेदवारास या परीक्षेसाठी प्रयत्नांची मर्यादा नाही. वयाची ३७ वर्षे पूर्ण होईपर्यंत बसता येते. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत मागास प्रवर्गासाठी ही वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ४३ आहे. ही सवलत शतकांच्या वंचनेची अंशतः भरपाई आहे आणि ती टिकलीच पाहिजे. मात्र हिचा एक परिणाम आम्ही आमच्या वसतिगृहाच्या ओसरीवर पाहिला आहे. नियम थांबवीत नाही म्हणून विद्यार्थी थांबत नाही. पुढच्या वर्षी होईल, या आशेवर वर्षे सरतात, आणि जेव्हा तो दुसरे काम शोधू लागतो, तेव्हा मुलाखत घेणारा विचारतो, “इतकी वर्षे काय केले?”

म्हणून मर्यादा स्वतः घालून घ्यावी. किती प्रयत्न करावयाचे आणि कोणत्या वर्षी थांबावयाचे, हे तयारी सुरू करतानाच कागदावर लिहावे आणि तो कागद आईवडिलांच्या हाती द्यावा. आमच्या अनुभवात तीन प्रयत्न हा सुजाण आकडा ठरतो. पहिल्या प्रयत्नानंतर काही अर्थार्जन सुरू असावेच; ते अर्धवेळ असले तरी चालेल. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. म्हणजे नेमके, मुद्देसूद लिहिण्याचा सराव आता अटळ आहे. हा सराव वाया जात नाही. बँकेत, न्यायालयात, वृत्तपत्रात, खाजगी कचेरीत, जेथे जेथे अहवाल लिहावा लागतो तेथे तो कामास येतो. तयारी निवडताना हाच निकष लावावा : परीक्षा हुकली तरी हातात काय उरेल?

मुलींच्या बाबतीत ही मर्यादा बहुधा घरची मंडळी घालतात, आणि ती फार आखूड असते. मुलाला पाच वर्षे आणि मुलीला एक, हा हिशोब आपल्या घरांना शोभत नाही. पालकांनी दोघांनाही सारखीच मुदत द्यावी, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. ती क्षुल्लक वाटते, पण तिच्यापायी हातची संधी गेलेली आम्ही पाहिली आहे. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील नोंद किंवा जमिनीचा जुना उतारा शोधण्याचे काम मुलगा अकरावीत असतानाच पालकांनी हाती घ्यावे. जातवैधता प्रमाणपत्र ऐन प्रवेशाच्या महिन्यात मिळत नसते. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या. पण केंद्रीय नोकरीसाठी केंद्राच्या विहित नमुन्यातील दाखला मागतात. राज्याचा दाखला जोडून निश्चिंत राहिलेल्या उमेदवाराची फजिती होते. ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. नागपूरसारख्या शहरात तिच्यातून भोजन, निवास व निर्वाहासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. या योजनांच्या तारखा विद्यार्थ्यापेक्षा पालकांच्या दिनदर्शिकेवर असाव्यात.

तिसरी गोष्ट कौशल्याची. कलेक्टर, फौजदार, शिक्षक, तलाठी यांखेरीज दुसरी पदे आमच्या मुलांना फारशी ठाऊक नसतात, हा दोष मुलांचा नाही. त्यांनी आपल्या अवतीभवती तेवढीच पाहिलेली असतात. वास्तविक याच नागपुरात वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल यांची मुख्यालये आहेत. भारतीय खाण ब्यूरो येथे आहे. पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी येथे आहे. कापूस संशोधनाची केंद्रीय संस्था येथे आहे. अग्निशमनाचे शिक्षण देणारे राष्ट्रीय महाविद्यालयही येथेच आहे. यांत सर्वेक्षक लागतात, प्रयोगशाळा साहाय्यक लागतात, लेखापाल लागतात, यंत्रे सांभाळणारे लागतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली आयटीआय, पदविका व पदवीधारकांना कारखान्यात विद्यावेतनासह एका वर्षाचे प्रत्यक्ष शिक्षण मिळू शकते. या मार्गाने कायम नोकरीची हमी मिळत नाही. पण त्या वर्षानंतर अर्जातील अनुभवाचा रकाना कोरा राहत नाही.

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० आणि इंग्रजीत ४० शब्दांची गती लागते. ही गती सहा महिन्यांच्या नित्य सरावाने येते, आणि ती नाही म्हणून लेखी परीक्षेतील गुण फुकट जातात. इंग्रजीची भीती हाही आमच्या मुलांचा जुना आजार आहे. त्याला औषध एकच : दररोज अर्धा तास मोठ्याने वाचणे आणि आठवड्यातून एकदा कोणासमोर तरी पाच मिनिटे बोलणे. आमच्या वसतिगृहात शनिवारी रात्री हा उपक्रम चालतो. पहिल्या महिन्यात मुले हसतात; तिसऱ्या महिन्यात हसणे थांबते.

जे खाजगी क्षेत्राकडे वळतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. तेथे आरक्षण नाही, आणि पुष्कळ जागा जाहिरातीत येण्यापूर्वीच ओळखीतून भरल्या जातात. ज्यांच्या घरात तीन पिढ्या कचेरीत जात आल्या, त्यांना काका-मामा माहिती देतात. आपल्या मुलाच्या घरी कचेरीची पायरी चढणारा तोच पहिला असतो. ही उणीव त्याच्या बुद्धीची नाही. परंतु तिची किंमत तोच मोजतो. यासाठी ओळखी जाणीवपूर्वक जोडाव्या लागतात. आपल्याला हव्या त्या क्षेत्रात काम करणाऱ्या व्यक्तीकडे प्रथम नोकरी मागू नये; अर्ध्या तासाची भेट मागावी. काम कसे चालते, पहिली दोन वर्षे कशी जातात, काय शिकून यावे, हे विचारावे. नोकरीच्या अर्जासोबतचा बायोडाटा एका पानाचा असावा. त्यात “मेहनती व प्रामाणिक” असे लिहिण्याऐवजी प्रत्यक्ष केलेले काम लिहावे : वसतिगृहाच्या मेसचा हिशेब वर्षभर सांभाळला असेल, तर तेच लिहावे. दोनशे मुलांच्या जेवणाचा हिशेब ठेवणे हे कोणत्याही व्यवस्थापकास समजणारे काम आहे.

पहिली नोकरी लागल्यावर आनंदात कागद न वाचता सही करणारे अनेक असतात. नियुक्तीपत्र लेखी घ्यावे. भविष्यनिर्वाह निधीसाठी मूळ वेतनातून १२ टक्के कपात होते आणि मालकाचा वाटाही द्यावा लागतो. आपला क्रमांक मागून घ्यावा व रक्कम जमा होते की नाही ते पाहावे. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापनेला राज्य विमा योजना लागू असेल, तर घरच्या माणसांनाही उपचाराचा लाभ मिळतो. नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो, तो नोकरी देणारा नसतो, हे पालकांनी पक्के लक्षात ठेवावे. शेत गहाण ठेवून असे पैसे भरलेले कुटुंब आमच्या परिचयाचे आहे. आणि पहिल्या पगाराची वाटणी कशी करावी, हे तथागतांनी सिगाल नावाच्या तरुणाला सांगून ठेवलेच आहे : एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायासाठी, आणि एक भाग संकटकाळासाठी. आपल्या काळात व्यवसायाचे ते दोन भाग म्हणजे पुढील शिक्षण होय, असे आम्ही मानतो.

सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकावर दोन मार्ग एकमेकांना छेदतात. एक खापरीकडे, मिहानच्या दिशेने जातो. दुसरा लोकमान्य नगरकडे, हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीकडे. तेथे गाडी बदलणाऱ्या प्रवाशाला कोणी वाट चुकलेला म्हणत नाही. परीक्षेचा मार्ग सोडून दुसरा धरणाऱ्या आपल्या मुलांकडेही घराने आणि समाजाने त्याच नजरेने पाहावे. पुष्कळ मुले परीक्षेच्या ओढीपेक्षा गावात परतण्याच्या संकोचामुळे वर्षे घालवितात. तो संकोच दूर करणे आपल्या हातात आहे.

माजी विद्यार्थ्यांकडे आमचे एक मागणे आहे. देणगीबद्दल आम्ही ऋणी आहोतच. पण यंदा आम्हांला आपला वेळ हवा आहे. आपण कोळसा खाणीत असा, बँकेत असा, रुग्णालयात असा किंवा स्वतःचे छोटे दुकान चालवीत असा; वर्षातून एक रविवार शाळेत या आणि दहावी-बारावीच्या मुलांना आपले काम कसे चालते ते सांगा. कोठे चुकलो हेही सांगा. ज्याच्या घरी काका-मामा कचेरीत नाहीत, त्या मुलाचे काका, मामा, आत्या आणि मावशी आपणच आहात.

जय भीम. नमो बुद्धाय.