५.४, पण कशाचे?

संगणकाच्या पडद्यावर ‘५.४’ एवढंच दिसतंय. आटपाडीच्या बाजार समितीत डाळिंबाचे सौदे होतात. तिथून उचललेला ‘भगवा’ जातीचा माल एखाद्या व्यापाऱ्याने कोल्ड स्टोरेजमध्ये लावलाय आणि हा आकडा तिथला आहे, असं धरून चालू. डाळिंबाला साधारण ५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता मानवते. त्याहून गार हवा बरेच दिवस लागली की साल तपकिरी पडते, दाण्यांचा रंग उतरतो. मग ५.४ म्हणजे सगळं ठीक?

हवा कुठली मोजली, त्यावर ते ठरेल. कूलिंग युनिटमधून खोलीत शिरणारी हवा ५.४ असेल, तर माल सुखरूप. पण फळांची उष्णता घेऊन युनिटकडे परतणारी हवा ५.४ असेल, तर आत शिरणारी हवा तीन-साडेतीनवरही असू शकते, आणि युनिटच्या तोंडाशी रचलेल्या क्रेटना तीच झोंबत असते. आकडा चुकून फॅरनहाइटमधला निघाला तर बघायलाच नको. ते होतात उणे १४.८ अंश सेल्सिअस, म्हणजे डाळिंबाचा दगड! आकडा एक, अर्थ तीन.

गंमत म्हणजे खुद्द सेन्सरला यातलं काहीच ठाऊक नसतं. ‘पीटी-१००’ हा सेन्सर म्हणजे प्लॅटिनमची बारीक तार. शून्य अंशाला तिचा विद्युतरोध १०० ओहम असतो, ५ अंशांना १०१.९५ ओहम. दोन ओहमसुद्धा नाही एवढ्या फरकावर खोलीभर मालाचं भवितव्य लटकलेलं! त्या ओहमांचे अंश कंट्रोलर करतो. आणि ‘तिसऱ्या खोलीतली परतीची हवा’ ही ओळख? ती देतो जोडणीला आलेला माणूस, कीबोर्डवर चार अक्षरं टाइप करून.

अशा प्रत्येक मोजमापाच्या नोंदीला ‘पॉइंट’ म्हणतात, आणि मोठ्या इमारतीत असे पॉइंट हजारोंनी असतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून १९९५ मध्ये ‘बॅकनेट’ हे प्रमाण आलं. त्यात प्रत्येक पॉइंटला प्रकार, क्रमांक आणि नाव असतं. एककांनाही सांकेतिक अंक आहेत, सेल्सिअसला ६२ आणि फॅरनहाइटला ६४. एककाचा घोटाळा असा मिटला. नावावर मात्र मुख्य अट एकच आहे: त्याच कंट्रोलरमध्ये ते दुसऱ्या कुणाचं नसावं. बाकी लिहिणाऱ्याची मर्जी.

ही मर्जी काय करते ते पाहा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीच्या आवारात संगणकशास्त्राची ‘सोडा हॉल’ नावाची इमारत आहे. तिथल्या एका पॉइंटचं नाव आहे ‘एसओडीए१आर४६५__एआरटी’. पहिली चार अक्षरं वाचून कुणीही म्हणेल, हे इमारतीचं नाव. पण इमारतीची अक्षरं तीनच. पुढचं ‘ए१’ म्हणजे एअर हँडलिंग युनिट क्रमांक १, ‘आर४६५’ म्हणजे खोली ४६५ आणि ‘एआरटी’ म्हणजे खोलीतलं तापमान. एवढ्याशा ओळीत इमारत, यंत्र, खोली आणि मोजमाप, सगळं मावलं! पण फोड सांगणारा माणूस नोकरी सोडून गेला की मागे उरते नुसती अक्षरांची रांग. शिवाय दुसऱ्या इमारतीत रिवाज दुसरा. खोलीत जाणाऱ्या हवेच्या तापमानाला एकीकडे ‘एसएटी’ म्हणतात, दुसरीकडे ‘डीएटी’.

नावात पत्ता कोंबण्यातला आणखी एक धोका आटपाडीकरांना लगेच कळेल. पॉइंटचं नाव म्हणजे जमिनीचा गट नंबर. तोच नंबर गावोगाव असतो, गाव-तालुका-जिल्हा जोडला की जमीन नेमकी सापडते. पण पत्ता तरी कुठे कायम असतो? आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होतं. संस्थान विलीन झाल्यावर ते १९४९ मध्ये झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आलं. १९६० मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं आणि १९६५ मध्ये आटपाडी स्वतंत्र तालुका झाला. जमीन मात्र वीतभरही हलली नाही. कोल्ड स्टोरेजमध्येही हेच होतं. मधली भिंत पाडून तिसरी खोली दुसरीला जोडली की ‘खोली३’ हे नाव फसवायला लागतं, आणि नाव बदललं तर जुन्या नोंदींचा धागा तुटतो.

यावर निघालेली तोड साधी आहे आणि म्हणूनच थक्क करते. नाव एकीकडे ठेवायचं, वर्णन दुसरीकडे. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट हेस्टॅक’ने पॉइंटला सुटे टॅग लावायची पद्धत आणली: ‘डिस्चार्ज’, ‘एअर’, ‘टेम्प’, ‘सेन्सर’. नाव काहीही असो, टॅगवरून ओळख पटते. २०१६ मध्ये अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मांडलेल्या ‘ब्रिक’ने त्याच्या पुढे जाऊन नातीही लिहायला घेतली. हा पॉइंट या यंत्राचा, हे यंत्र या खोलीला हवा पुरवतं, अशी. त्यामुळे ‘ज्या युनिटची शिरणारी हवा ५ अंशांच्या खाली गेलीय, त्याच्या सगळ्या खोल्या दाखव’ असा प्रश्न संगणकाला विचारता येतो. एका इमारतीसाठी लिहिलेला तोच प्रश्न, असंच वर्णन केलेल्या दुसऱ्या इमारतीतही चालतो, तिथल्या एकाही पॉइंटचं नाव माहीत नसताना!

तेव्हा कोल्ड स्टोरेज असो, पॉलीहाऊस असो की दवाखाना, सेन्सर बसवून घ्याल तेव्हा बिल चुकतं करण्याआधी एक यादी मागून घ्या: प्रत्येक सेन्सरचा कधीही न बदलणारा क्रमांक, आणि त्यापुढे वेगळ्या रकान्यांत खोली, यंत्र, शिरणारी हवा की परतीची, एकक आणि बसवल्याची तारीख. ही यादी बसवणाऱ्याच्या लॅपटॉपवर राहू देऊ नका. ती तुमच्या दप्तरी हवी.