ताटात भाजी, पायात ॲव्होकाडो

घरातली मुलगी किंवा सून एके दिवशी जाहीर करते, ‘‘आजपासून मी दूध, दही, तूप काहीच घेणार नाही,’’ तेव्हा घरात खळबळ उडते. आईला वाटते, पोर अशक्त होणार. सासूबाईंना प्रश्न पडतो, सणाला हिच्या पानात वाढायचे तरी काय? शाकाहारी घरात तर गोंधळ अधिकच. आपण मांसाला हात लावत नाही, मग आणखी काय सोडायचे?

‘व्हीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये रूढ झाला. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी व्हीगन सोसायटी स्थापन केली. तिच्या पन्नाशीनिमित्त १९९४ पासून १ नोव्हेंबर हा जागतिक व्हीगन दिन पाळला जातो. प्राण्यांपासून मिळणारी वस्तू शक्य तेवढी टाळायची, हे या जीवनपद्धतीचे सूत्र. त्यात दूध, अंडी आणि मध येतात, तसेच चामडे, लोकर आणि रेशीमही. म्हणजे प्रश्न ताटावरून कपाटात आणि थेट पायातल्या मोज्यांपर्यंत पोहोचतो!

मोज्यांवरची मेजवानी

हल्ली बाजारात कलिंगड, केळी, पिझ्झा, ॲव्होकाडो अशा चित्रांचे मोजे मिळतात. काही तर सुशीसारखे गुंडाळून डब्यात ठेवलेले असतात. स्वीडनमध्ये २००८ साली सुरू झालेल्या ‘हॅपी सॉक्स’सारख्या कंपन्यांनी रंगीबेरंगी मोज्यांना फॅशनचा दर्जा मिळवून दिला. व्हीगन तरुण-तरुणींना असे मोजे आवडतात, कारण वाद न घालता आपली आवड हसत हसत सांगता येते. जेवणाच्या टेबलावरचा ताणही अशा गमतीने सैल होतो.

मात्र भेट घेताना पाकिटाची मागची बाजू जरूर वाचा. वर भाजीचे चित्र आणि आत लोकर, असे व्हायला नको. मेरिनो ही मेंढीची लोकर, कॅशमिअर बकरीची, तर अंगोरा सशाची. रेशमासाठी सामान्यतः कोशातला किडा आतच मारला जातो. सुती मोजे सर्वांत सोपे. ते पायात नीट बसावेत म्हणून त्यात थोडे नायलॉन किंवा लायक्रा असते. तेही प्राणिजन्य नाही.

गंमत म्हणजे मोज्यांतले रेशीम हटवले ते नायलॉनने. मे १९४० मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत नायलॉनचे मोजे आले आणि रेशमी मोज्यांची सद्दी संपत गेली. पण नायलॉन खनिज तेलापासून बनते आणि सहजासहजी कुजत नाही. म्हणून सुताचे प्रमाण जास्त असलेले, टिकाऊ मोजे निवडणे शहाणपणाचे.

आपले स्वयंपाकघर

सणाच्या पानाची काळजी नको. पिठले-भाकरी, तेलावरचे थालीपीठ, शेंगदाण्याचा ठेचा, उसळ, सोलकढी हे सारे मुळातच व्हीगन आहे. कोकणात शिरवाळ्या नारळाच्या गोड रसात खातात. पुरणपोळीवर तुपाऐवजी हाच रस वाढून पाहा.

बाजारातून वस्तू आणताना लक्षात ठेवा, हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. दुधाच्या पदार्थांवरही तो असतो. व्हीगन पदार्थांसाठी सरकारने २०२२ साली वेगळे नियम आणि हिरव्या ‘व्ही’चे चिन्ह ठरवले आहे.

हे विसरू नका

आईची काळजी अगदीच अनाठायी नाही. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. ते कमी पडले, तर थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात. पायाच्या मुंग्या मोज्यांनी जात नाहीत! तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या किंवा बी-१२ मिसळलेले पदार्थ घ्यावेत. गर्भवती आणि लहान मुलांच्या बाबतीत तर हा सल्ला आधीच घ्यावा. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ आणि प्रथिनांसाठी डाळी, सोयाबीन रोजच्या जेवणात असू द्यावेत.

सुनेनेही एक पथ्य पाळावे. दुसऱ्याच्या वाटीतल्या दह्यावर भाषण देऊ नये. आणि सासूबाईंनी ‘‘एका चमच्याने काय होते?’’ म्हणत तिच्या भातावर तूप सोडू नये. दोघींनी एवढे सांभाळले, तर एकाच पंगतीत दोन्ही ताटे सुखाने मांडता येतील.